हिरामण, नाली काढ!

भुताचे पाय सरळ असावेत की उलटे, या एका गोष्टीवरून आमच्या शेजारचे हिरामणमामा गेला अख्खा पावसाळा नागपूरशी भांडत होते. भांडण फोनवर, फोन स्पीकरवर, आणि माझी पिठाची चक्की त्यांच्या भिंतीला लागून. चक्की थांबली रे थांबली की मला तेच ऐकू यायचं.

"पाय सरळ करा म्हणतो ना मी! पुढं अंगठा, मागं टाच. जसं होतं तसं!"

पलीकडून कोणी पोरगा समजावत असे, "पण आजोबा, ती हडळ आहे."

"हडळ असन तुही..." इथे मामा अडायचे. शिवी द्यायची सवय नाही त्यांना. शिवी खायची सवय होती, आणि सगळी भानगड तिथूनच सुरू झाली.

हिरामणमामा माझे सख्खे कोणी नव्हेत. माझे सासरे आणि ते बरोबरीचे, म्हणून मी त्यांना मामाजी म्हणते आणि ते मला सुनबाई. आमचं जुनं गाव पवनीपासून जवळच, वैनगंगेच्या काठावर होतं. धरणाचं पाणी चढलं आणि गाव उठलं. निम्मे लोक या वसाहतीत आले, निम्मे नदीपलीकडच्या वसाहतीत गेले. कोणाच्या शेजारी कोण राहील, हे चिठ्ठ्या काढून ठरलं. जुन्या गावात मामांचं घर एका टोकाला आणि आमचं दुसऱ्या टोकाला. चिठ्ठीने आम्हाला भिंतीला भिंत लावून दिली आणि ज्यांची भिंतीला भिंत होती त्यांच्यामध्ये नदी घातली.

मामा धंद्याने पडदे रंगवणारे. आमच्या झाडीपट्टीत दिवाळी झाली की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, मंडईच्या रात्री नाटक होतं, आणि नाटकाला पडदे लागतात. राजवाडा, जंगल, तुरुंग, पाटलाचा दिवाणखाना. मामांचा हात असा की पडद्यावरच्या दारातून प्रेक्षकांतला एखादा आत जायला निघावा. वर त्यांचं ठरलेलं वाक्य, "जसं होतं तसं. बोटभर इकडं नाही, बोटभर तिकडं नाही."

मी एकदा विचारलं, "मामाजी, राजवाडा तुम्ही कुठं पाहिला?"

"पवनीच्या किल्ल्याचा दरवाजा पाहिला ना! बाकीचा अंदाजानं."

मग फ्लेक्स आलं आणि हातच्या पडद्यांना कोणी विचारेना. बायको आधीच गेलेली, मुलगी लग्न होऊन जवाहरनगरला कारखान्याच्या क्वार्टरमध्ये. मामा या नव्या वसाहतीत एकटे. इथले रस्ते पट्टीने आखल्यासारखे सरळ आणि नाल्या सिमेंटच्या, कोरड्या ठणठणीत. तरी मामा रोज सकाळी फावडं घेऊन बाहेर यायचे, कोरड्या नालीकडे बघत उभे राहायचे आणि तसेच घरात जायचे. लोक म्हणायचे, म्हातारा आता कामातून गेला.

तेवढ्यात त्यांची नात सोनल आली. मुलीची मुलगी ती, नागपुरात व्हिडिओ गेम बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत आहे. म्हणाली, "आबा, आम्हाला एक गाव पाहिजे. भुताचं. तुम्ही काढून द्याल?"

"गाव आहे माझ्याजवळ," मामा म्हणाले. "भुताचं नाही, पण बुडलेलं आहे. चालन?"

मामांनी राजवाड्याचा जुना पडदा अंगणात पालथा घातला आणि त्याच्या पाठीवर खडूने गाव काढायला बसले. घाट, पार, शाळा, मारुतीचं देऊळ, बोळ अन् बोळ. माझी चक्की थांबवून मला बोलावणं यायचं. "सुनबाई, तुमच्या न्हाणीची मोरी कोणत्या अंगाला होती?" मी चिडायची. बाप्पा, इकडे गिऱ्हाईक डबा घेऊन उभं आणि यांना मोरी पाहिजे! पण सांगताना मला ती मोरी अशी समोर दिसायची की डोळे पुसूनच परत यावं लागायचं.

कंपनीतली पोरं म्हणाली, घरं जरा वाकडी काढा, पडकी काढा. मामांनी ऐकलं नाही. "पडलं नव्हतं एकही. उभे होते, उभेच बुडले." भुतं कशी पाहिजेत विचारलं तर सोनल म्हणाली, "खेळणाऱ्याला वाटलं पाहिजे की इथं सतत कोणी ना कोणी आहे." हे मामांना फारच सोपं होतं. त्यांनी गावातला एकेक माणूस उचलला आणि तो जिथे असायचा तिथे बसवून दिला. पोरांनी फक्त सगळ्यांचे डोळे पांढरे केले.

गेमचं नाव ठेवलं 'बुडीत'. तो बाजारात आला तेव्हा सोनलने ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये टीव्हीला जोडून गावाला दाखवला. सोबत कंपनीतला एक पोरगा होता खेळायला. धुकं, काळोख, कुठून तरी कोल्हा रडतोय, पांढऱ्या डोळ्यांचं भूत अंगावर धावून आलं, आणि तो बिचारा जीव घेऊन पळायला लागला तर मागून गाव ओरडलं, "थांब ना बे! पळतं कायले? डावीकडं वळ, तठी आमचं घर येते!"

कोणी म्हणजे कोणी घाबरलं नाही. बाया भुतांना हाका मारायला लागल्या. ज्यांना भूत केलं नव्हतं ते रुसले. आमचा पोलीस पाटील तर धडधाकट जिवंत माणूस, तो मामांना सरळ म्हणाला, "माह्या बापाले भूत केलं, भावाले केलं, मलेच काहून नाही? का दुश्मनी होती आपली?"

मग शेवटची हडळ आली.

पांढरं लुगडं, कमरेवर हात, हातात खराटा. एका घराच्या दारातून ती बाहेर येते, तिची पावलं उलटी, आणि ती ओरडते, "हिरामण, नाली काढ रे!" असा आवाज की अंगावर काटा यावा. त्या आवाजानंतर तुम्ही मेलात म्हणून समजा.

ही भागीरथाबाई. सगळ्यांनी ओळखलं. जुन्या गावात मामांच्या भिंतीला भिंत लावून राहणारी, तरुणपणी नवरा गेलेली, एकटी. मामा अंगणात पडदे रंगवायचे आणि ब्रश नालीत धुवायचे. ती नाली वाहायची भागीरथाबाईच्या अंगणातून. एका दिवाळीला तिच्या पांढऱ्या कोंबड्या गुलाबी झाल्या होत्या. रोज सकाळी ती खराटा घेऊन दारात यायची आणि तुंबलेली नाली उपस म्हणून मामांवर ओरडायची, आणि अख्खं गाव त्या आवाजावर उठायचं. मी नवीन नवरी होते तेव्हा मला वाटलं, खून झाला. सासूबाई म्हणाल्या, "उठ, चहा ठेव, उजाडलं."

ती आता नदीपलीकडच्या वसाहतीत होती.

हसण्यासारखं होतं, पण कोणी हसलं नाही. आमच्याकडे एकट्या बाईला हडळ म्हणणं ही थट्टा नसते. त्यापायी बायांनी काय काय भोगलं आहे, ते बोलत नाहीत पण माहीत सगळ्यांना असतं. मामा तर टीव्हीसमोर गारच पडले. त्यांनी काढलेल्या बाईचे पाय सरळ होते. उलटे केले ते कंपनीने, आणि त्यांना कोणी सांगितलंही नव्हतं. तेव्हापासून ते फोन सुरू झाले. भागीरथाबाईच्या कानावर जायच्या आत तिचे पाय सरळ झालेच पाहिजेत. सोनल आपल्या परीने भांडली, पण तिचा साहेब म्हणे, उलटे पाय पोस्टरवर छापून झाले, टीशर्टवर छापून झाले, आता काही होत नाही. मामांचं जेवण तुटलं. मी भाकर नेऊन द्यायची आणि सकाळी तशीच्या तशी वाळलेली परत आणायची. जीव जळायचा माझा.

त्यात एक दिवस पुण्याहून एक पोरगा आला. त्याचा म्हणे चॅनल आहे, भुताच्या गेममधल्या खाणाखुणांचा अर्थ सांगतो. कॅमेरा लावला, मामांना खुर्चीवर बसवलं आणि लागला विचारायला.

"शेतात नुसती दाराची चौकट उभी आहे. घर नाही. हे जन्म आणि मृत्यू यांच्यामधलं दार आहे ना?"

"नाही जी. दोघा भावायची वाटणी झाली. घर मोडून नेलं, चौकट कोणाची ते ठरलं नाही."

"देवळाच्या घंटेला लोलक नाही. म्हणजे देवानेही या गावाकडे पाठ फिरवली?"

"पुजाऱ्यानं काढून ठेवला होता. पोरं दुपारच्यानं वाजवत, त्याची झोपमोड होये."

"बोळात मध्येच एक राजवाडा दिसतो. हरवलेलं वैभव?"

"पडदा होय तो. वाळत घातला होता."

पोरगा घामाघूम. पण हटला नाही. "आणि नालीतून लाल पाणी वाहतं. रक्त. आणि ती बाई म्हणते, नाली काढ. मला वाटतं, नाली म्हणजे माणसाच्या मनात साचलेली घाण. बाहेर लोक यावर तासनतास चर्चा करतात, आजोबा. ती हडळ नेमकी कोण आहे?"

मामा एवढा वेळ पटापट बोलत होते. आता हाताची बोटं मोडत बसले. "रंग होता नालीत," एवढंच म्हणाले आणि उठून घरात गेले. त्या पोराला मीच चहा पाजून वाटेला लावला. जाता जाता म्हणतो कसा, आजोबा फार गूढ आहेत. गूढ! उपाशी होते ते.

आता मुख्य गोष्ट. सोनलने आजोबांना आपला जुना लॅपटॉप देऊन ठेवला होता. रोज दिवेलागणीला, मी चक्की बंद केली की, भिंतीपलीकडून तो आवाज यायचा. "हिरामण, नाली काढ रे!" मग थोडी शांतता. मग पुन्हा. मला वाटायचं, मामा चुका शोधत असतील. एक दिवस पीठ द्यायला म्हणून गेले तर मामा लॅपटॉपच्या पडद्यावर, खेळात, भागीरथाबाईच्या दारात उभे. हडळ ओरडली, अंगावर आली, खेळ संपला. मामांनी खेळ पुन्हा लावला आणि घाटावरून चालत, बोळातून वळत, पुन्हा तिच्याच दारात जाऊन उभे राहिले. पळायचं नाव नाही.

"मामाजी, काय चाललं आहे हे?"

ते दचकले. मग ओशाळं हसले. "आवाज माह्याच होय तो. बारीक करून काढला. कंपनीनं एक पोरगी आणली होती, चांगली ओरडे, पण तिले तो शेवटचा 'रे' नाही जमला. भागीरथावैनी कितीही चिडली तरी शेवटी 'रे' म्हणे."

मग म्हणाले, "अठी सगळे चांगले आहेत, सुनबाई. तुमी भाकर आणून देता. कोणी मले वाकडा शब्द बोलत नाही. पण सकाळी उठून माह्यं नाव कोणी घेत नाही. ती घेये. रागानं घेये, पण रोज घेये. बायको गेली, पोरगी सासरी गेली, तरी सकाळी बाहेर एक आवाज होता की हिरामण आहे का, उठला का. मी फक्त तो आवाज मागतला होता. हडळ मी नाही केली तिले."

"मग नदीपलीकडं जाऊन भेटा ना तिला! बस जाते की."

"कोणत्या तोंडानं जाऊ? नाली तर राहिली नाही आमची."

मी घरी आले आणि नवऱ्यावर विनाकारण ओरडले. तो बिचारा टीव्ही पाहत होता.

यंदाची मंडई आली. गेममुळे मामांचं नाव झालं होतं, म्हणून आमच्या नाटकवाल्यांनी हौसेने त्यांना सांगितलं, एक पडदा हाताने रंगवून द्या. मामांनी राजवाडा पुन्हा रंगवला. रंग धुतला सिमेंटच्या नालीत, आणि तो वाहत आला माझ्या चक्कीच्या दारासमोर, चांगला लालभडक, आणि तिथेच तुंबला. मी काही बोलले नाही. मोठं माणूस, कसं बोलावं?

मंडईच्या दिवशी दुपारी मी चक्की आवरत होते, तर दारात एक म्हातारी. वाकलेली, पण काठी नाही, खांद्याला पिशवी.

"हिरामण कोठी राहते वो?"

माझ्या हातातली चाळणी पडली. पाया पडले, आणि खोटं कशाला बोलू, पडताना पाहून घेतलं. पाय सरळ होते.

भागीरथाबाईने पिशवीतून एक काळा टीशर्ट काढून माझ्यासमोर झटकला. "पुतण्याचा पोरगा घालून फिरून राहिला. ही मीच होय ना?"

"थोड्या थोड्या दिसता, आत्याबाई."

"खराटा तर माह्याच होय," ती म्हणाली. "चाल, दाखव त्याचं घर."

तिला पाहून मामा असे उठले की खुर्ची मागे पडली. लॅपटॉपवर दुपट्टा टाकला. ती खाटेवर बसली, चष्मा चढवला आणि म्हणाली, "लाव."

मामांनी खेळ लावला. ही आता रडेल, नाहीतर शिव्याशाप देईल, आणि दोन्हींपैकी काहीही झालं तरी हा माणूस उठायचा नाही, हे मला दिसत होतं.

धुकं आलं. घाट आला. पार आला. तिच्या बोळात वळल्यावर भागीरथाबाई एकदम म्हणाली, "थांब. हा पेरू अठी कसा? पेरू तर डावीकडं होता."

"उजवीकडं होता वैनी. जसं होतं तसं."

"माह्या आंगणातला पेरू तू मले सांगतं?"

"मी रोज पाहत होतो ना! उजवीकडंच होता."

"डोळे फुटले होते तुहे, म्हणून तर नाली दिसत नव्हती!"

मामांचा चेहरा असा उजळला की सांगता सोय नाही. पण तेवढ्यात पडद्यावर तिचं दार उघडलं. पांढरे डोळे, खराटा, उलटी पावलं, आणि तो आवाज.

"पाय मी नाही केले, वैनी," मामा घाईने म्हणाले. "आईची शपथ. त्या पोरायनं केले. मी भांडून राहिलो त्यायच्याशी. सरळ करून घेतो. तू..."

"चूप राह्य जरा."

ती पुढे वाकून पाहत राहिली. मग चष्मा काढला आणि पदराने पुसला.

"गाव सोडलं त्या दिवशी असेच होते माहे पाय," ती म्हणाली. "ट्रॅक्टर पुढं, सामान पुढं, तोंड नव्या गावाकडं. पाय मागंच ओढत होते, हिरामण. अजून नाही वळले. राहू दे, नोको बदलू."

मी पाणी आणायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेले आणि तिथेच उभी राहून रडून घेतलं. परत आले तर मामा फोनवर होते. "सोनल, साहेबाले सांग, पाय राहू दे. जसे होते तसे आहेत."

चहा झाला. भागीरथाबाई हात धुवायला बाहेर गेली, आणि दुसऱ्याच क्षणी सगळ्या वसाहतीने ऐकलं:

"हिरामण! नाली काढ रे!"

लोक घराघरांतून बाहेर आले. पोलीस पाटील अर्धी दाढी केलेला तसाच धावत आला. आणि आमचे मामा फावडं घेऊन, "आलो वैनी, आलो, आलो," करत माझ्या दारासमोरचा लाल गाळ उपसायला लागले. इतक्या वर्षांत त्यांना एवढं घाईने चालताना मी पाहिलं नव्हतं. भागीरथाबाई कमरेवर हात ठेवून उभी होती आणि कुठे राहिलं, कुठे उरलं ते दाखवत होती.

ती मंडई संपेपर्यंत माझ्याकडे राहिली. रात्री मामांचा राजवाडा पाहिला, म्हणाली, रंग जास्त झाला. आता पवनीच्या बाजाराला आली की ती इकडेही चक्कर मारते. पहिल्यांदा परत जाताना तिने मला बाजूला बोलावलं होतं.

"सुनबाई, मी काही रोज येत नाही. सकाळी तू ओरडत जाय त्याच्यावर. त्याले लागते."

"मी? अहो, ते मामाजी आहेत माझे!"

"मग 'जी' लावून ओरड. पण ओरड."

तेव्हापासून सकाळी चक्कीचं बटण दाबायच्या आधी मी दारात येते, डोक्यावर पदर घेते आणि ओरडते, "मामाजी, नाली काढा जी!" नाली कोरडी असो की तुंबलेली. पहिल्या दिवशी मामा फावडं घेऊन बाहेर आले, मान तिरपी करून ऐकल्यासारखं केलं आणि म्हणाले, "वैनीसारखं नाही जमलं."

"मग उद्या नको ओरडू का?"

"तसं काहून म्हणता?" ते नालीत उतरत म्हणाले. "उद्या थोडं जोरानं म्हणा."